दाबाखाली प्रकाशित होणारे साहित्य

दाब पडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, हे निसर्गाचं तत्त्व आहे. लिंबू पिळलं की रस निघतो, फोड पिळला की पू निघतो, कार्यालय पिळलं की पत्र निघतं. (पत्र पिळून काही निघत नाही. ते शेवटचं उत्पादन आहे.) मात्र सृष्टीत थोडे पदार्थ असेही आहेत, की ते चेंगरले, घासले किंवा फोडले की त्यांच्यातून चक्क उजेड बाहेर पडतो. आग नाही, वीज नाही, धूर नाही. नुसता दाब आणि उजेड. अशा पदार्थांना आपल्याकडे मोठं भवितव्य आहे, कारण लागणारा कच्चा माल, म्हणजे दाब, मुबलक आहे आणि तो पुरवण्यासाठी ठिकठिकाणी कार्यालयंही आहेत.

येरमाळ्याजवळच्या चिलारवाडीच्या सरपंच हरणाबाई यांना या तत्त्वाचा साक्षात्कार त्यांच्याच घरातल्या कणगीच्या खोलीत झाला. त्यांची लेक मोनिका कळंबच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं एका संध्याकाळी खिडकीवर वाकळ टाकली, दार लावलं आणि आईच्या एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात येडेश्वरीच्या प्रसादातली खडीसाखर दिली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत दोघी गुमान बसून राहिल्या.

"आता पकडीत धर अन् दाब," मोनिका म्हणाली. "डोळं मिटू नको."

हरणाबाईंनी दाबलं. खडा कचकन फुटला आणि फुटता फुटता निळसर काहीतरी लुकलुकून गेलं.

"अगं बया! परसादात लाईट हाय?"

"परसादात न्हाय, साखरंत. फुटताना उजळती. नंदीश सरांनी दावलं आमाला."

मायलेकींनी त्या संध्याकाळी पुडीतला सगळा प्रसाद विज्ञानाच्या खाती फोडून टाकला. नंतर मोनिकानं दप्तरातून एक पट्टी काढली. तिच्या सरांनी प्रयोगासाठी दिलेली, हातभर लांब, रबरासारखी मऊ. अंगठ्यानं दाबली की दाबल्या जागी हिरवट उजेड उमटायचा, अंगठा काढला की मावळायचा. उजेड फार नव्हता, काजव्याइतका. पण मिट्ट काळोखात काजवाही लांबून दिसतो. अशी पट्टी डांबरी सडकेच्या कडेला चिकटवली तर चाक चढल्याबरोबर ती उजळते, असं सरांचं म्हणणं होतं. तार नको, बॅटरी नको, बटण नको.

हरणाबाईंनी पट्टी दाबून पाहिली, परत दाबून पाहिली. त्यांच्या डोळ्यांपुढं एकच जागा उभी राहिली. म्हसोबाचं वळण.

फाट्यावरून चिलारवाडीला येणारी वाट या वळणानं मोडते. एका अंगाला ओढ्याचा खड्डा, दुसऱ्या अंगाला चिलारीची दाट काटेरी जाळी, आणि मधल्या चिंचोळ्या डांबरावर म्हसोबा, माणसं, शेळ्यामेंढ्या आणि ऊसवाले ट्रॅक्टर अशा सर्वांचा समान हक्क. (म्हसोबा सोडून कुणीही तो पूर्णपणे बजावू शकलेलं नाही.) इथल्या उजेडासाठी शासनानं काहीच केलं नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. वळणावर विजेचा खांब आहे. तो बरीच वर्षं झाली तारेची वाट पाहत ताठ उभा आहे आणि त्याच्यावर आग्यामोहोळानं संसार थाटला आहे. मध्यंतरी सौर दिवाही आला होता. उद्घाटन झालं, हार पडला. त्याच आठवड्यात आधी बॅटरी गेली, मग वरची काच गेली. हार मात्र कुणी नेला नाही.

कॉलेजची प्रॅक्टिकलं आटोपून मोनिका ज्या बसनं यायची, ती फाट्यावर दिवेलागणीनंतर पोचायची. पाऊसपाणी संपलं की कारखान्याचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी इतकी मोठी, की म्हसोबालाही ती पाठ झाली असावीत. ड्रायव्हरला सडकेची कड दिसायची नाही आणि चालणाऱ्याला ट्रॉली किती बाहेर आली आहे ते कळायचं नाही. मोनिकाच्या हातात मोबाईलची बॅटरी असायची, पण ट्रॅक्टर वळून अंगावर आल्यावर तिचा उपयोग ड्रायव्हरच्या शिव्या कुठून येतायत ते पाहण्यापुरता. दिवाळीनंतर एकदा उसाच्या शेंड्यांनी तिची बाही फाटली आणि मनगटापासून कोपरापर्यंत साल निघाली.

मोनिकाचे वडील गोरोबा मेंढरं राखायचे. दिवसभर मेंढरांशीच बोलून झाल्यामुळं घरी त्यांच्याकडं शब्द थोडेच उरत. त्यांनी चुलीच्या उजेडात पोरीचा हात पाहिला.

"संक्रांतीपतोर बघतो," ते म्हणाले. "वळणावर उजेड आला तर जाऊ दी. न्हाय तर कॉलेज बास."

"आवं, पण तिचं वरीस बुडंल की!"

"पोरगी बुडण्यापरीस वरीस बुडल्यालं बरं."

गोरोबांनी फाट्यावर आणायला जावं, तर मेंढरं कोंडायची वेळ नेमकी तीच. हरणाबाई स्वतः चार-आठ दिवस गेल्या. त्यामुळं ट्रॅक्टर चुकवायला एकीच्या ऐवजी दोघी चिलारीत शिरू लागल्या, एवढाच फरक पडला. पोरीचं शिक्षण हा हरणाबाईंचा जीव की प्राण होता. सरपंचकी गेली असती तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं. तेव्हा पट्टी आणायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि ग्रामसभा बोलावली.

ग्रामसभेत त्या म्हणाल्या, "दाबली की उजळती ती पट्टी आपल्याला वळणावर पायजे." हे सर्वांना कळलं. कोपऱ्यात पेंगणाऱ्या धोंडीबालाही कळलं, त्यानं झोपेतच हात वर केला. अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण ते लिहायचं होतं.

ग्रामसेवक रामलिंग भाऊसाहेब भला माणूस होता. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायचा. पण साधं वाक्य कागदावर उतरवणं म्हणजे बोडक्या डोक्यानं लग्नाला जाणं, अशी त्याची ठाम समजूत होती.

"'पट्टी' लिवलं तर ते पायाला बांधायची पट्टी पाठवतेल, बाई," तो म्हणाला. "शासनाला शासनाची भाषा लागती."

त्याचं चुकत नव्हतं. शाळेला येतं ते क्रीडा साहित्य, अंगणवाडीत येतं ते पोषण साहित्य, बाथरूमच्या फरश्या येतात ते बांधकाम साहित्य. तेव्हा पट्टीचं 'साहित्य' झालं. 'उजळती'चं 'प्रकाशित होणारे' झालं. 'चाकाखाली दाबली की' हे फारच उघडंवाघडं वाटत होतं, त्याला 'यांत्रिक दाबाखाली' असा सदरा घातला. शेवटी मागणी उभी राहिली ती अशी: "मौजे चिलारवाडी येथील म्हसोबा वळणास अनुसरून, यांत्रिक दाबाखाली प्रकाशित होणारे साहित्य ग्रामस्थांस तातडीने उपलब्ध करून मिळणेबाबत."

हरणाबाईंनी ऐकून घेतलं. "ह्यात पट्टी कुठं हाय?"

"सगळ्यात तीच हाय, बाई."

त्यांनी सही केली. रामलिंगच्या भाषेपुढं गावात आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं.

धाराशिवला पोचलेला प्रत्येक कागद आपापल्या खात्यात जातो. नुसतं 'साहित्य' असतं तर आवक विभागात थोडा खल झाला असता. 'प्रकाशित होणारे साहित्य' म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. कागद ग्रामीण साहित्य संवर्धन कक्षाकडं गेला. हा कक्ष कधी आणि का स्थापन झाला याची नोंद आढळत नाही, पण तिथं खुर्च्या असल्यामुळं तो चालू होता. दरवर्षी त्याचा अहवाल निघे आणि त्यातल्या 'ग्रामस्तरावरून प्राप्त झालेली मागणी' या रकान्यात दरवर्षी 'निरंक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं जाई. कक्षाचे प्रमुख कृष्णराज साहेब स्वतः कवी होते. (दोन संग्रह प्रसिद्ध, तिसरा मार्गावर, कित्येक वर्षांपासून.)

साहेबांनी कागद वाचला. खाली ठेवला. चष्मा पुसून परत वाचला. यांत्रिक दाब म्हणजे छापखाना, हे उघडच होतं. छापखान्याच्या दाबाखाली जे प्रकाशित होतं ते साहित्य, याहून नेमकी व्याख्या त्यांनी विद्यापीठातही ऐकली नव्हती. आणि 'वळणास अनुसरून' या शब्दांपाशी तर ते थबकलेच. मराठी साहित्य कुठल्या वळणावर उभं आहे, यावर त्यांनी स्वतः तीन व्याख्यानं दिली होती. इथं मेंढपाळांचं एक गाव त्या वळणाला अनुसरून साहित्य मागत होतं, तेही तातडीनं. साहेबांनी त्या वर्षीच्या रकान्यात स्वतःच्या हातानं 'एक' असं लिहिलं आणि समासात शेरा मारला: 'मागणी अत्यंत प्रगल्भ. वळणावरच साहित्य मेळा घ्यावा.'

मेळ्याचं पत्र चिलारवाडीत आलं तेव्हा पट्टीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या हरणाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि रामलिंगला घेऊन सरळ धाराशिवची बस धरली. कृष्णराज साहेब त्यांना पाहून उठून उभे राहिले. साहित्यासाठी तालुका ओलांडून आलेली सरपंच त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"सायेब, चूक झालीया," हरणाबाई म्हणाल्या. "आमाला हे साहित्य न्हाय पायजे. आमचं येगळं हाय."

"वेगळंच हवं, ताई. रूढ साहित्याचे दिवस गेले."

"आमाला ते सडकंवर चिकटवायचंय."

"मातीशी जोडलेलं." साहेबांनी वहीत टिपून घेतलं.

"माती न्हाय वो, डांबर! त्येच्यावरनं ट्रॅक्टर गेला पायजे. दाबल्याबिगर त्ये उजेड देत न्हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, दाबल्याशिवाय उजेड कधी पडतो का? मी सोळा वर्षं नोकरीत आहे."

हरणाबाईंनी रामलिंगकडं पाहिलं. रामलिंगनं तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडून "सदरहू साहित्य हे प्रकाशमान गुणधर्मयुक्त असून" एवढंच निघालं आणि साहेब जास्तच खूश झाले. मग हरणाबाईंनी पिशवीतून मोनिकाची पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि अंगठ्यानं जोर देऊन दाबली. वर ट्यूबलाईट भगभगत होत्या. पट्टी उजळली असलीच तर ते फक्त पट्टीला कळलं.

"लाईट तेवढी बंद करा की, सायेब."

ते शक्य नव्हतं. दिव्यांची बटणं बाजूच्या विभागात होती आणि त्या विभागाचं या विभागाशी पटत नव्हतं. साहेबांनी पट्टी उचलून निरखली, बोटांनी गोंजारली आणि ती पुस्तकात ठेवून पाहिली.

"वाचनखूण! फारच सुंदर कल्पना," असं म्हणून त्यांनी ती परत केली आणि मेळ्यासाठी तशाच हजार खुणा पुठ्ठ्याच्या करून घेण्याचा आदेश दिला. परतीची बस येरमाळ्याला थांबली. उतरल्यावर हरणाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी बोलू नका. लई भारी बोलता तुमी." रामलिंगला ही स्तुती वाटली.

मेळा पौष लागताच झाला. (पौषात मंगल कार्य होत नाही, त्यामुळं मांडव स्वस्तात मिळाला.) अहवालानुसार उपस्थिती चौदाशे होती. यात निमंत्रित कवी, त्यांना ऐकण्यासाठी आणलेली शाळा, जेवणाची वेळ विचारून गेलेलं गाव, आणि वळणावरून घराकडं परतणारी गोरोबांची मेंढरं, यांचा समावेश आहे. मेंढरांना वेगळं धरलेलं नाही. शांतता राखण्यात ती अव्वल होती.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या संध्याकाळी म्हसोबाच्या वळणावर उजेड होता. जनरेटर धडधडत होता, चारी कोपऱ्यांवर हॅलोजन लावले होते, ओढ्याच्या कडेचा एकेक दगड मोजून घ्यावा असा लख्ख दिसत होता. मोनिका बसमधून उतरून येत होती आणि हरणाबाईंना ती फाट्याच्या बाजूनं पार लांबून दिसली. तिची ओढणी, तिची पिशवी, तिची झपाझप चाल. ती कुठंही थांबली नाही, कुठंही जाळीत शिरली नाही. हरणाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. शेजारी बसलेल्या कवीला वाटलं, आपली कविता पोचली. त्यानं ते कडवं परत म्हटलं.

पाचव्या कवीला डिझेल संपलं.

जनरेटर आचके देत थांबला आणि वळण पुन्हा आपल्या मूळ स्वरूपात आलं. कवींनी सुरुवातीला टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. तेवढ्यात पलीकडून गाणी ऐकू आली, मागोमाग इंजिन, आणि दोन ट्रॉल्या ऊस घेऊन एक ट्रॅक्टर नेहमीच्या बेतानं वळला. उसाच्या शेंड्यांनी मांडवाची झालर ओरबाडून नेली. नवकाव्य एका अंगाला पळालं, गझल दुसऱ्या अंगाला. कृष्णराज साहेबांनी अध्यक्षीय खुर्चीतून थेट चिलारीत उडी घेतली. चिलारीचा काटा वाकडा असतो. आत जाताना अडवत नाही, बाहेर निघताना सोडत नाही. हरणाबाई आणि मोनिकानं मोबाईलच्या उजेडात साहेबांना एकेक काटा सोडवत बाहेर काढलं. त्यांचं धोतर तिथंच राहिलं. साहेब मोनिकाच्या ओढणीत अब्रूनं गाडीपर्यंत गेले.

कुणाच्याच जिवाला काही झालं नाही. हरणाबाईंना तर आतून हायसं वाटलं. "आता सायबाच्या आंगाला लागलं," त्या मोनिकाला म्हणाल्या. "आता कळलं असंल त्येन्ला, आपुन काय मागायलोत ते."

साहेबांना कळलं होतं. आठ दिवसांत त्यांची कविता वर्तमानपत्रात आली.

वळणावर कुणीच नव्हतं,
फक्त अंधार होता,
आणि त्या आदिम अंधाराला
माझ्या पावलांचा आधार होता.

(मोनिका, ओढणी आणि ट्रॅक्टर वृत्तात बसले नाहीत.) कविता गाजली. इतकं अस्सल काळोखाचं चित्र शहरात बसून काढता येत नाही, असं जाणकारांनी लिहिलं, आणि ते खरंच होतं. पाठोपाठ मेळ्यातल्या कवितांचं पुस्तक निघालं. लोक गाड्या करून अंधार पाहायला येऊ लागले. मग कक्षानं तर्कशुद्ध पाऊल उचललं: ज्या अंधारातून अशी कविता निर्माण झाली तो जिल्ह्याचा ठेवा आहे, तेव्हा म्हसोबा वळण हे 'काव्यस्थळ' म्हणून जाहीर करण्यात यावं आणि तिथल्या अंधाराच्या मूळ स्वरूपास बाधा येईल असं कोणतंही काम करू नये.

हा निर्णय गावात पोचण्याआधीच हरणाबाईंनी एक उद्योग केला होता. संक्रांत तोंडावर आली होती. त्यांनी मोनिकाची हातभर पट्टी पंक्चरच्या सोल्युशननं वळणाच्या कडेला चिकटवली आणि दोघी जाळीपाशी उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर आला, ओढ्याच्या बाजूला चाक गेलं आणि चाकाखाली हिरवी रेघ लखकन उठली. मागच्या चाकाला पुन्हा उठली. ट्रॉल्यांना पुन्हा, आणि पुन्हा. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवला, गाणी बंद केली, खाली उतरून सडकेला हात लावून पाहिला.

"मावशी, हे काय हाय?"

"कड हाय," हरणाबाई म्हणाल्या. "सडकंची कड. हिथं सडक संपती."

"म्या इतक्या कडंनं चालवायलोय व्हय रोज?" तो घाबराच झाला. दुसऱ्या दिवसापासून तो हातभर आत राहून वळू लागला. हातभर पट्टीनं हातभर फरक पडला होता. वळणभर लावली असती तर किती पडला असता, हे साधं गणित होतं. मोनिकानं ते तोंडी करून दाखवलं. त्या चार दिवसांत हरणाबाई घरात गाणं म्हणत होत्या.

पाचव्या दिवशी कक्षाची माणसं पाटी घेऊन आली. लोखंडी पाटी, वर साहेबांची कविता. ती रोवायला सडकेच्या बाजूला मोकळी जागा एकच होती, जिथून माणसं अंग चोरून चालायची. तिथंच ती रोवली. पाटीच्या अलीकडं काहीतरी चिकटवलेलं दिसलं, ते दाबल्यावर किंचित उजळतंही असं आढळलं. सबब काव्यस्थळाच्या मूळ अंधारास बाधक म्हणून ते खरवडून जप्त करण्यात आलं. अंधारात पाटी दिसत नसल्यामुळं चालणारे तिच्यावर आपटू लागले, आणि आपटायचं टाळायला आता मधून, डांबरावरून चालू लागले. कवितेशी सामान्य माणसाचा इतका थेट संबंध पूर्वी कधीच आला नव्हता.

संक्रांतीच्या दिवशी गोरोबांनी तिळगूळ खाल्ला नाही. मोनिकानं स्वतःच पिशवी खुंटीला अडकवली आणि शेळीच्या पाण्याची बादली उचलली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं हरणाबाईंना वाटलं. गोरोबा मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेले आणि पार जेवणं होईपर्यंत परत आले नाहीत. त्यांनाही या दिवसाची हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईंनी रामलिंगला न सांगता अर्ज लिहिला. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत: 'वळणावर अंधार हाय. माझी पोर हुशार हाय. अंधारामुळं तिचं कॉलेज बंद झालं. आमाला उजेड द्या.' यात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी तो स्वतः टपालात टाकला.

यावेळी कक्षानं अजिबात विलंब लावला नाही. अर्जावर साहेबांनी लाल शाईत अभिप्राय दिला: 'अल्पाक्षरी, आशयघन. अनुवाद करू नये, बोली तशीच ठेवावी.' आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा पहिल्याच पानावर तो अर्ज छापून आला. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीत, खाली नाव: लोककवयित्री हरणाबाई, चिलारवाडी.

रामलिंग पुस्तक घेऊन घरी आला. बरोबर वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा होता. कक्षानं तो कवयित्रीकडं रीतसर पाठवला होता. लातूरहून पत्रं होती, पुण्याहून होती, एक तर थेट परदेशातून होतं. रामलिंगनं ओसरीवर बसून ती वाचून दाखवली. कुणाला रात्रभर झोप लागली नव्हती. कुणी 'आमाला उजेड द्या' ही ओळ चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, की ही पोर त्यांना स्वतःच्या मुलीसारखी वाटते. मोनिका समोर शेळीचं दूध काढत होती, तिनं मान वर केली नाही.

"एवढी मानसं रडली?" हरणाबाईंनी विचारलं.

"लई रडली, बाई."

"रडून झाल्यावर काय केलं त्येन्नी?"

रामलिंगनं गठ्ठा पुन्हा चाळला. प्रत्येक पत्राचा शेवट पाहिला. जन्मभर 'सदरहू' आणि 'उपरोक्त'शिवाय ओळ न लिहिलेला तो माणूस त्या दिवशी अगदी साधं बोलला.

"फुडलं पान उलटलं असंल, बाई."

रामलिंग भाऊसाहेबांचं हे विधान अत्यंत बेजबाबदार आहे आणि त्याचा इथं निषेध करणं भाग आहे. मराठी वाचक असा नाही. तो संवेदनशील आहे. या क्षणीसुद्धा, चांगल्या उजेडात बसून हे वाक्य वाचताना, आपल्याला चिलारवाडीच्या त्या पोरीबद्दल मनापासून वाईट वाटतं आहे; आणि पुढचं शीर्षक नजरेस पडेपर्यंत ते निश्चितच वाटत राहील.